उन्हातल्या चादरी

कोटाचं बटण हरवलं म्हणून मी हॉटेलच्या लाँड्रीत भांडायला गेले. अवदसा आठवते म्हणतात ती अशी. फोनवरून चार शब्द सुनावता आले असते, नाहीतर दुसरा कोट घालता आला असता; पण मी मुळात चिडकी बाई आहे. शांततेचं काम करणारी माणसं स्वभावानं शांत असतात, असा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. आम्हाला पगार मिळतो तो दुसऱ्यांच्या भांडणात आपला आवाज चढू न देण्याचा. मग स्वतःचा सगळा राग बटणांवर, टॅक्सीवाल्यांवर आणि गार झालेल्या चहावर निघतो. लाँड्रीतली बाई इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाली, "मशीननं खाल्लं असेल. नाहीतर मागच्या अंगणात पडलं असेल, बघा जाऊन. सोमवारी वाळवायचंही मशीन येतंय, मग त्या दोऱ्या काढूनच टाकणार आहेत. सुटले एकदाची." मी मागचं दार ढकललं. अंगणभर दोऱ्या, दोऱ्यांवर हॉटेलच्या पांढऱ्या चादरी, आणि त्यांच्यातून दुपारचं ऊन गाळून आल्यासारखं खाली पडलेलं. खाली मान घालून बटण शोधत मी चादरींच्या दोन रांगा ओलांडल्या आणि तिसऱ्या रांगेच्या खालून मला चार पाय दिसले. एक काळ्या बुटांची जोडी, पॉलिश केलेली. दुसरी तपकिरी, टाचेकडे झिजलेली. हे दोन्ही बूट मी गेलं दीड वर्ष रोज बघतेय. एकत्र कधी बघितले नव्हते.

काळे बूट मास्तरांचे, तपकिरी डॉक्टरांचे. ही नावं मी मनातल्या मनात ठेवलेली. कागदावर त्यांची नावं लांबलचक आहेत आणि ती उच्चारताना दोन्ही बाजूंना माझी कीव येते. मास्तर नदीच्या उत्तरेकडच्या लोकांच्या वतीनं बोलायला आलेत. लढाईच्या आधी ते शाळेत भूमिती शिकवायचे. डॉक्टर दक्षिणेकडचे, आणि डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. नदीवर एकच पूल, तो लढाईत बंद झाला. मोठं इस्पितळ राहिलं उत्तरेला, पाण्याची टाकी राहिली दक्षिणेला. इकडे तहान, तिकडे ताप. या हॉटेलात आमचं जे काही चाललंय, त्याचा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर तो पूल आठवड्यातून निदान एक दिवस उघडावा, एवढाच. पण ते एक वाक्य म्हणायला दोघं एका खोलीत बसत नाहीत. बसू शकत नाहीत. माझ्या आधीच्या माणसाच्या वेळी ते बसायचे. तेव्हा उत्तरेकडून एक वकील यायचे. एका बैठकीत समोरच्या कुणाला तरी ठसका लागला, आणि वकिलांनी आपल्यापुढचा पाण्याचा ग्लास टेबलावरून पलीकडे सरकवला. कुणीही सरकवला असता. त्याचा फोटो बाहेर फुटला, आणि वकिलांना त्यांच्याच माणसांनी त्यांच्या घराच्या फाटकात गोळ्या घातल्या. तेव्हापासून एका मजल्याच्या दोन टोकांना दोन खोल्या, मधे लांब कॉरिडॉर. डावी लिफ्ट उत्तरेची, उजवी दक्षिणेची. फुलदाण्या सारख्या, फुलंही मोजून सारखी, आणि हॉटेलात साधा खिळा ठोकायचा तरी दोन्ही बाजूंची संमती लागते. दोन्ही काठांवर भाषा एकच, पण ती एक आहे हे कबूल करायचं नाही म्हणून दोन दुभाषे. आणि मधल्या कॉरिडॉरमध्ये मी. इकडचं तिकडे सांगायचं, तिकडचं इकडे, आणि वाटेत त्यातले काटे काढायचे. आमच्या धंद्यातलं खरं कसब ते. कुणी म्हणालं, 'ते हरामखोर आहेत,' तर पलीकडे जाऊन म्हणायचं, 'त्यांचा विश्वास बसायला वेळ लागतोय.'

चादरीवर दोघांच्या सावल्या पडल्या होत्या. उलट्या ठेवलेल्या बाटल्यांच्या खोक्यांवर बसले असावेत. काडी ओढल्याचा आवाज आला आणि एक सावली दुसरीकडे झुकली. मला त्यांची भाषा येते. येत नाही असं धरून चालायचं असतं, नाहीतर दुभाष्यांचा अपमान होतो. पण दीड वर्षात दगडालाही आली असती. "हे बघ, अशी," मास्तरांची सावली म्हणाली. तिनं चष्मा कपाळावर चढवला, मान एका बाजूला कलती केली आणि बारीक, गोड, चिकट आवाजात बोलली, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की…" ती मी होते. माझा चष्मा, माझी मान. ते वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणत असेन. डॉक्टर हसता हसता खोकायला लागले. "काल मी तिला म्हटलं," मास्तर म्हणाले, "तो माणूस गुराढोरांत राहून स्वतःच बैल झालाय. तुला काय सांगितलं तिनं?" "मला?" डॉक्टरांना धड बोलताही येईना. "मला म्हणाली, पलीकडच्यांना तुमच्या ठामपणाची जाणीव आहे!" आणि दोघं असे हसले, की वरच्या दोरीवरची चिमणी उडाली. मला वाटलं आता ओरडावं. चादर फाडून पुढे व्हावं. पण हसणं ओसरल्यावर डॉक्टर एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "बुधवार बरा. बुधवारी बाजार नसतो, पुलाकडे गर्दी नसते." "आधी बायका आणि पोरं," मास्तर म्हणाले. "मग आजारी पुरुष. पाण्याचे टँकर त्याच्यानंतर. तुझे लोक ऐकतील?" "एकदम नाही ऐकणार. चार-पाच महिने लागतील. हळूहळू मुरवावं लागेल. तुझे?" "माझेही तसेच." "तोवर भांडत राहू." "हो. बाई आहेच की."

बाई आहेच की! मी मागे सरकले तशी एक ओली चादर माझ्या तोंडाला चिकटली. साबणाचा वास नाकात गेला, आणि क्षणभर मला श्वास घेता येईना. दार कसं लावलं, कोणत्या लिफ्टनं वर आले, काही आठवत नाही. मला खरं तर जिन्यानंच जावं लागतं, कारण मी कुठल्याच बाजूची नाही. खोलीत येऊन पलंगावर बसले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. बटण राहिलंच. दीड वर्ष. माझे गुडघे गेले त्या कॉरिडॉरमध्ये. त्याच्या गालिच्यावरचं प्रत्येक पान मला पाठ आहे. उत्तरेच्या दाराशी एक पान अर्धं कापलेलं आहे, दक्षिणेच्या दाराशी चहा सांडल्याचा डाग. या माणसांसाठी मी भाचीच्या लग्नाला गेले नाही. बाबांच्या शेवटच्या आजारपणात असल्याच दुसऱ्या एका हॉटेलात, असल्याच दुसऱ्या दोघांच्या मधे उभी होते. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या त्या तरी लष्करानं खाव्यात ना! इथे लष्कर मागच्या अंगणात बसून हसतंय, आणि मी आपली पिठाचे हात घेऊन उभी. आणि सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल, तर ती नक्कल. ती हुबेहूब होती. मी खरंच अशी मान कलती करते? गोड दिसावं म्हणून? मी आरशापुढे गेले, चष्मा वर केला, मान कलती केली आणि म्हटलं, म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का. आरशातल्या बाईच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

आणि हे सगळं नेमकं आजच व्हायचं होतं. पाचला साहेबांशी बोलणं होतं. साहेब म्हणजे आमच्या मुख्य कचेरीतले. त्यांना मी समोर फार थोडं पाहिलंय, पडद्यावर फार. गेल्या खेपेला त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: पुढच्या बोलण्यापर्यंत दोन्ही प्रमुखांची समोरासमोर भेट झाली नाही, तर दुकान बंद. खोल्या सोडायच्या, दुभाष्यांना घरी पाठवायचं, मला परत बोलवायचं. मदत देणाऱ्या देशांना काहीतरी दिसायला लागतं म्हणाले. तर आता माझ्याकडे दाखवायला होतं! साहेब, भेट झाली. रोज होतेय. बुधवारचं ठरलंय. मी डोळ्यांपुढे त्यांचा चेहरा आणला, भुवया वर गेलेल्या, आणि मला इतकं बरं वाटलं, की मी पुढचीही वाक्यं मनात जुळवायला लागले: अर्थात, हे वातावरण निर्माण व्हायला वेळ लागला, अर्थात, यात माझा वाटा फार थोडा. नोकरीतली शेवटची चार वर्षं सुखात गेली असती. तिथवर आले आणि मला वकिलांचं फाटक दिसलं. मी ते पाहिलेलं आहे. हिरवं, साधं, कडी जरा गंजलेली. त्यांच्या बायकोनं ते अजून रंगवलेलं नाही. साहेबांना सांगितलं म्हणजे त्यांच्या वरच्यांना सांगितलं, म्हणजे मंत्र्यांना, म्हणजे दुसऱ्या दिवशी छापून आलं. ग्लास सरकवला म्हणून एकाला मारलं. हे तर एका काडीवर दोन सिगरेटी पेटवतात. आणि नाही सांगितलं तर दुकान बंद, हॉटेल बंद, अंगण बंद, दोघं आपापल्या काठाला, आणि पूल तसाच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी काठावर, बिनबटणाच्या कोटात.

तेवढ्यात आईचा फोन. आईला आमच्या वेळेचं गणित कधी जमलं नाही, आणि जमवायचंही नाही. "दादाला सांग," ती एकदमच म्हणाली, "मी त्याच्याशी बोलत नाहीये." मी विचारलं, "आई, दादा कुठाय?" "इथंच. पुढच्या खोलीत. टीव्ही बघतोय, आवाज येतोय की." "मग मी सांगू त्याला? इथून?" "मग कोण सांगणार? मी बोलत नाहीये ना!" प्रकरण असं होतं, की दादानं तिला न विचारता बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. मी काय म्हातारी झालेय का, असं चौऱ्याऐंशी वर्षांची आई विचारत होती. एका घरातली दोन माणसं, मधे एक भिंत, आणि निरोप सात समुद्र ओलांडून जाणार! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. एरवी मी केलंही असतं. दादाला फोन करून म्हणाले असते, आईला दांडा आवडलाय, फक्त रंग जरा विचारायला हवा होतास. आज मला सुचलंच नाही काही. मी नुसती फोन कानाला लावून बसले, आणि मला आमचं जुनं घर दिसायला लागलं, पुढची खोली, मागचं स्वयंपाकघर, मधे अंधारी बोळकांडी. आई-बाबांचा अबोला असायचा. वर्षातून दोन-चार वेळा, आणि एकदा धरला की पंधरा-पंधरा दिवस. "बाबांना सांग, पान वाढलंय." मी पळत पुढे. "आईला सांग, मला भूक नाही." मी पळत मागे. फ्रॉकाच्या खिशात हात घालून बोळकांडीत थांबायचे आणि वाक्य जरा पुसून घ्यायचे. बाबा म्हणायचे, "तिला सांग, आमटी आहे की समुद्र?" मी आत जाऊन म्हणायचे, "बाबा म्हणतात, आमटी मस्त झालीय, पण मीठ उद्या थोडं कमी घाल." दादा मला पोस्टमन म्हणून चिडवायचा. मला राग यायचा नाही. मला वाटायचं, मी पळायची थांबले तर हे घर मोडेल. पुढे सगळीकडे मुलाखतीत विचारायचे, तुम्ही या क्षेत्रात कशा आलात, आणि मी काहीतरी मोठमोठं सांगायचे. खरं तर मी बोळकांडीतून आले.

"ऐकतेयस का?" आई म्हणाली. मी म्हटलं, "आई, मी शाळेत गेले की तुम्ही बोलायचात का? बाबा आणि तू? अबोला असताना?" "हे काय आता मध्येच?" "सांग ना." "बोलायचो की. न बोलून संसार होतो का? दूधवाला, गॅस, तुझी फी. दादा कॉलेजात, तू शाळेत, घरात दोघंच. बोलावंच लागायचं." "आणि मी घरी आले की?" "की परत अबोला," आई म्हणाली, आणि तिला चक्क हसू आलं. "तू काय एकेक निरोप सांगायचीस! आम्हाला ठाऊक असायचं ना, हे म्हणाले काय असतील ते. ती आमटी! दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला म्हणाले, पोरगी वकील होणार. किती हसलो होतो." माझ्या हातातला फोन गरम झाला होता. "म्हणजे मला नुसतं नाचवत होतात," मी म्हटलं. माझा आवाज चढला. टॅक्सीवाले सोडले तर दीड वर्षात पहिल्यांदाच चढला असेल. "दोघं मिळून. मी रात्री झोपायची नाही, माहितीये तुला? मी पांघरुणात उद्याचे निरोप पाठ करायची!" पलीकडे टीव्हीचा आवाज ऐकू येत राहिला. मग आई हळू म्हणाली, "नाचवत कसलं गं. भांडण खोटं नव्हतं. दुपारचं बोलणं कामापुरतं. पण आधी कोण बोललं, कोण नमलं, हा आमच्यातला मोठा रोग. त्यांचाही, माझाही. तू मधे होतीस म्हणून आम्हा दोघांतल्या कुणाला नमल्यासारखं झालं नाही. दोघंही म्हणायचो, पोरीसाठी बोललो. एरवी मी केव्हाच माहेरी निघून गेले असते, सामान बांधलेलं असायचं माझं." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पाठ करायचीस होय?" आई म्हणाली. "ते नव्हतं माहीत." मग म्हणाली, "राहू दे. दादाला मीच सांगते. दांडा काढायला नको म्हणावं, पण विचारायला हवं होतं." आणि तिनं फोन ठेवला. मला अजून बोलायचं होतं. बाबांना विचारायचं होतं. ते पोरगी वकील होणार म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता, हे मला फार विचारावंसं वाटलं.

पाच वाजले. साहेब पडद्यावर आले, मागे पुस्तकांचं कपाट, हातात कप. मी कोट घातला होता, आणि बटण नव्हतं तिथे हात ठेवून बसले होते. "समोरासमोर भेट झाली?" "नाही." "अनौपचारिक? जिन्यात, जेवताना, कुठे?" इथे जीभ खरंच वळवळली. खोटं कशाला सांगू, मोठेपणासाठी गप्प बसायची माझी पहिली इच्छा नव्हती. मला त्या दोघांचा राग येत होता. वाटत होतं, सांगून टाकावं आणि मग बघावं कोण हसतं ते. एवढं मनात येऊन गेलं आणि मग माझीच मला इतकी किळस आली, की मी पटकन म्हटलं, "साहेब, त्यांच्या लिफ्टसुद्धा वेगळ्या आहेत." ते म्हणाले, "मग आवरतं घेऊया. दीड वर्षात काही होत नाही म्हणजे होणार नाही." मी म्हटलं, "होईल. बोलणाऱ्यांचा दोष नाही. माझा आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "मी त्यांना नकोशी झालेय. दोघांनाही. सगळं इतकं गुळगुळीत करून सांगते, की त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडालाय. माझी नक्कल करतात, साहेब." यातलं शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि ते म्हणताना माझे डोळे भरून आले, ते त्यांना दिसलं असावं. "माणूस बदला," मी म्हटलं. "बोलणी बंद करू नका. आत्ता बंद केलीत तर लोक म्हणतील, पूलच अशक्य होता. अशक्य पूल नाहीये, मी आहे." साहेबांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. अपयशाला एका माणसाचं नाव मिळालं की कचेरीत सगळ्यांचं जेवण पचतं. "तुम्ही स्वतः हे म्हणताय," ते म्हणाले, "याला मन मोठं लागतं." डोंबलाचं मन. मी म्हटलं, "मात्र नव्या माणसाला लगेच निकाल विचारू नका. कोणती लिफ्ट कुणाची हे कळायलाच महिना जातो. सहा महिने तरी द्या." "रास्त आहे," साहेब म्हणाले. "सहा महिने." आणि मग जरा अवघडून, "तुमच्याबद्दल आपण नंतर बोलू." ते नंतर काय असतं ते मला ठाऊक आहे. एखाद्या तळमजल्यावरच्या खोलीत, दुसऱ्यांचे जुने अहवाल तपासायला. पडदा काळा झाला, आणि त्यात परत तीच बाई दिसली. फार मोठं काही केल्यासारखं बिलकूल वाटलं नाही. रडू आलं, आणि तेही रागाचं. तोंड धुतलं. टॉवेलात तोंड पुसताना तो साबणाचा वास परत आला, आणि मला लाँड्रीतल्या बाईचं बोलणं आठवलं. सोमवारी मशीन येतंय. दोऱ्या काढणार.

साहेबांकडून सहा महिने मिळवले आणि अंगण सोमवारी जाणार! कपाळाला हात लावायची वेळ. मी केसही न विंचरता उत्तरेच्या दारावर टकटक केली. मास्तर खिडकीशी होते, काळे बूट चकचकीत, दुभाषी बाजूला वही घेऊन. मी सांगितलं, की मी परत जातेय, माझ्या जागी दुसरं कुणी येईल. दुभाष्यानं सांगितलं. मास्तर म्हणाले, ऐकून वाईट वाटलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, की नुसतं म्हणाले, कळलं नाही. पण ते काळजीत पडले हे दिसलं. "बोलणी चालू राहतील," मी म्हटलं. "मुदत वाढलीय. जाण्यापूर्वी एक किरकोळ बाब. हॉटेलवाले सोमवारपासून चादरी मशीनमध्ये वाळवणार आहेत. मागच्या अंगणातल्या दोऱ्या काढून टाकतील. नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंची संमती लागेल." दुभाष्यानं तेही सांगितलं, मनातून कंटाळून. मास्तरांच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या कोटाकडे, जिथे बटण नव्हतं तिथे, जणू ते अंगणात पडलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि मग परत माझ्याकडे. त्यांचे कान लाल होत गेले. वर्गात नक्कल करताना पकडलेलं पोर मी पाहिलंय. पकडलेला मास्तर पहिल्यांदाच पाहिला. "आमची हरकत आहे," ते म्हणाले. दुभाषी चमकला. "चादरी उन्हातच वाळल्या पाहिजेत. हा आमच्यासाठी तत्त्वाचा प्रश्न आहे." "पलीकडच्यांनी मान्य केलं नाही तर?" "तर आम्ही बोलणी सोडून जाऊ," मास्तर म्हणाले. दुभाष्यानं ते वहीत लिहून घेतलं.

कॉरिडॉर. कापलेलं पान, मग साबूत पानं, मग चहाचा डाग. डॉक्टर पलंगाएवढ्या खुर्चीत बसले होते, तपकिरी बूट काढून ठेवलेले. त्यांनाही तेच सगळं सांगितलं, त्यांच्या दुभाष्यामार्फत, त्याच क्रमानं. मशीनचं ऐकल्यावर त्यांनी मांडी खाजवली. "मशीनमधल्या चादरींनी मला अंगभर खाज येते," ते म्हणाले. "गुरांनासुद्धा उन्हातला कपडा बरा असतो. आमची सक्त हरकत आहे." मग जरा सावधपणे, "उत्तरेकडच्यांचं काय म्हणणं पडलं?" इतका वेळ मी धरून ठेवलं होतं. मी चष्मा कपाळावर चढवला, मान एका बाजूला कलती केली, आणि माझा जेवढा गोड लागतो तेवढा आवाज लावला. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे?" दुभाष्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही, मी नेहमीच अशी बोलते. त्यानं ते सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वाकून बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि उभे राहिले. मी खोलीत आले म्हणून या दीड वर्षात दोन्हीकडे कुणी उभं राहिलेलं नाही; तसं ठरलेलंच होतं, कारण एक उभा राहिला तर दुसऱ्याला राहावं लागेल. "नवीन येणाऱ्याला," ते म्हणाले, "सगळं समजायला वेळ लागेल." "बराच," मी म्हटलं. "त्याला घाई करायला लावू नका." "नाही लावणार." मी दाराकडे वळले. सवयीनं विचारलं, "पलीकडच्यांना काही निरोप?" डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग दुभाष्याला म्हणाले, अगदी सावकाश, "त्यांना सांगा, आम्हाला बैल म्हणणाऱ्यांची आम्ही पर्वा करत नाही."

तो बैल मी इकडे आणलाच नव्हता. तो मी कॉरिडॉरमध्ये टाकून दिला होता, आणि त्याच्या जागी ठामपणाची जाणीव आणली होती. तो डॉक्टरांपर्यंत पोचायला एकच वाट होती, आणि ती वाट त्यांनी आता आपल्या तोंडानं माझ्या हातात दिली. त्यांच्या दुभाष्याला काही कळलं नाही. त्यानं जांभई दाबली. मी मान डोलावली. आणि बाहेर आले. चहाचा डाग, साबूत पानं, कापलेलं पान. बोळकांडीत थांबायची सवय इतकी जुनी, की पाय मधे आपोआप थांबले, वाक्य पुसून घ्यायला. मी पुसलं नाही. मास्तर अजून खिडकीशीच उभे होते, खाली मागच्या अंगणाकडे बघत. "चादरींच्या बाबतीत त्यांचीही हरकत आहे," मी म्हटलं. "दोऱ्या राहतील. आणि त्यांनी निरोप दिलाय, की आम्हाला बैल म्हणणाऱ्यांची आम्ही पर्वा करत नाही." दुभाष्यानं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं, इतका काटेरी निरोप त्यानं माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यानं तो तसाच सांगितला. मास्तरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत पुसला. खाली लाँड्रीतली बाई वाळलेल्या चादरी गोळा करत होती, तिचा खाकरण्याचा आवाज वरपर्यंत आला. "त्यांना सांगा," मास्तर म्हणाले, आणि थांबले. मग चष्मा डोळ्यांवर नीट बसवून म्हणाले, "निरोप पोचला."

ते सांगायला मी परत कॉरिडॉरभर चालत गेले.